पहिल्या सर्किट रेसला पॅडॉकमध्ये वाट कशी शोधायची: गेटपासून पार्क फर्मेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे की ट्रॅक डे (पैसे भरून आपली गाडी सर्किटवर चालवायचे दिवस) बरेच झालेत, रेस लायसन्स हातात आलंय, सर्किटचे सगळे कॉर्नर सिम्युलेटरवर पाठ आहेत, पण पहिल्या रेसला पॅडॉकमध्ये, म्हणजे स्पर्धकांच्या गाड्या आणि तंबूंच्या मैदानात, शिरल्यावर गाडी कुठे लावायची, आधी कुठल्या ऑफिसात जायचं, ट्रॅकवर कुठून निघायचं आणि कोणाला काय विचारायचं हे कोणी नीट सांगत नाही. ट्रॅक डेला तुम्ही फक्त गिऱ्हाईक असता, उशीर झाला तर तुमचाच वेळ जातो. रेसला तुम्ही स्पर्धक असता आणि चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभं राहिलात तर थेट रिझल्टवर परिणाम होतो, फरक एवढाच आहे पण मोठा आहे.

मी बरीच वर्षं क्लब रेसिंग करतोय, कधी ड्रायव्हर म्हणून, कधी दुसऱ्याच्या गाडीचा मेकॅनिक म्हणून, त्यामुळे माझं मत सरळ सांगतो. पॅडॉकचा नकाशा पाठ करू नका. नकाशा सगळे मोबाईलमध्ये ठेवतात आणि तरीही हरवतात, कारण नकाशात जागा दिसते पण वेळ आणि दिशा दिसत नाही. पॅडॉक शिकायचं तर आपली गाडी दिवसभरात ज्या क्रमाने फिरणार तो क्रम शिकायचा: मुक्कामाची जागा, स्क्रुटिनी (गाडी आणि गिअरची तपासणी), असेंब्ली एरिया (रेसआधी गाड्या गोळा करायची जागा), ट्रॅक, पार्क फर्मे (रेसनंतर गाड्या राखून ठेवायची जागा), परत मुक्काम. आणि दुसरं म्हणजे ट्रॅकवर जाताना सहसा कोणी चुकत नाही, कारण पुढे दहा गाड्या चाललेल्या असतात, त्यांच्या मागे गेलं की झालं. लोक चुकतात ते चेकर्ड फ्लॅगनंतर, म्हणजे रेस संपल्याचा झेंडा पडल्यावर, परत येताना. त्यामुळे खाली त्या भागावर जरा जास्त लिहिलंय.

आधी ढोबळ रचना. बहुतेक कायमस्वरूपी सर्किटवर स्टार्ट फिनिशच्या सरळ रस्त्याला समांतर पिट लेन, म्हणजे गाड्या थांबून काम करून घ्यायचा रस्ता, असते, मधे पिट वॉल, पिट लेनच्या दुसऱ्या बाजूला गॅरेजची रांग आणि गॅरेजच्या पाठीमागे जे मोठं डांबरी मैदान असतं ते पॅडॉक. रेस कंट्रोल, टायमिंग, स्ट्युअर्डची (निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांची) खोली हे सहसा पिट बिल्डिंगच्या एका टोकाला किंवा वरच्या मजल्यावर असतं, मेडिकल सेंटर जवळच पण ॲम्ब्युलन्सला सरळ बाहेर पडता येईल अशा ठिकाणी. पॅडॉक ट्रॅकच्या वेढ्याच्या आत असेल तर आत शिरायला बोगदा, पूल किंवा ट्रॅक ओलांडायचं क्रॉसिंग असतं, आणि हे निघायच्या आधीच बघून ठेवा, कारण बोगद्याला उंचीची मर्यादा असते आणि क्रॉसिंग फक्त ट्रॅक थंड असतानाच, म्हणजे त्यावर गाड्या धावत नसतानाच, उघडतात. म्हणजे उंच ट्रक किंवा ट्रेलर घेऊन तुम्ही सकाळी प्रॅक्टिस सुरू झाल्यावर पोचलात तर गेटबाहेर बसा, आतून तुमच्या क्लासच्या स्क्रुटिनीची घोषणा ऐकत.

अजून एक गंमत म्हणजे एका सर्किटवर दोन पॅडॉक असू शकतात. सिल्व्हरस्टोनला विंग नावाची इमारत २०११ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ब्रिटिश ग्रांप्रीची स्टार्ट लाइन तिकडे गेली, पण वुडकोट आणि कॉप्सच्या मधला जुना पिट स्ट्रेट आणि त्यामागचं नॅशनल पॅडॉक अजून वापरात आहे. स्पाला तर ला सूर्सच्या आधी एक पिट लेन आणि ला सूर्सनंतर उतारावर ओ रूजच्या दिशेने दुसरी. त्यामुळे 'सर्किटला पोचलो' याला काही अर्थ नाही, तुमची मीटिंग, म्हणजे रेसचा सगळा कार्यक्रम, कुठल्या पॅडॉकमधून चालणार आणि कुठलं गेट वापरायचं हे आयोजकांनी पाठवलेल्या अंतिम सूचनांमध्ये असतं. ते कागद बहुतेक लोक टाइमटेबलपुरते उघडतात. पूर्ण वाचा, दोनदा वाचा, आणि गाडीत बसायच्या आधी छापून घ्या, कारण गर्दीच्या दिवशी पॅडॉकमध्ये मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पोचा. गेटवर पास दाखवला की कोणीतरी हातवारे करून एका दिशेला पाठवतं, तिथून पुढे पॅडॉक मार्शलचं राज्य. जागा आखून दिलेली असेल तर आपल्याच नंबरच्या जागेत जायचं, मोकळी असेल तर क्लासप्रमाणे विभाग असतात का ते विचारायचं. जागा निवडायची सोय असेल तर मी पिटच्या अगदी जवळची घेत नाही, तिथे दिवसभर माणसं आणि गाड्यांची ये-जा असते आणि जॅकवर गाडी चढवून शांतपणे काम करता येत नाही. असेंब्ली एरियाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या नळापासून फार लांब नाही अशी जागा बरी. गाडीचं तोंड बाहेर, म्हणजे निघताना रिव्हर्स घ्यायची वेळ येत नाही. ट्रेलर बहुतेक ठिकाणी सामान उतरवून वेगळ्या ट्रेलर पार्कमध्ये न्यावा लागतो. दोन रांगांच्या मधला रस्ता फायर आणि ॲम्ब्युलन्ससाठी मोकळा ठेवायचा असतो, त्यात तंबूचा खुंटा किंवा टायरची चळत आली तर ओरडा बसणार आणि तो योग्यच असतो. डांबरात खुंटा ठोकू नका, बऱ्याच सर्किटवर बंदीच असते, तंबूच्या पायांना वजनं बांधा आणि नीट बांधा, वाऱ्याने उडालेला तंबू शेजारच्याच्या गाडीवर पडला की दिवसाची सुरुवात भांडणाने होते. इंजिनखाली तेल झेलायचा ट्रे किंवा मॅट लागतेच.

पॅडॉकमध्ये गाडी चालवायची ती चालत्या माणसाच्या वेगाने. इथे मुलं असतात, सायकली असतात, कानात हेडफोन घातलेले मेकॅनिक टायरची ट्रॉली ओढत असतात, आणि रेस गाडीत बसल्यावर हेल्मेट आणि सीटच्या कडांमुळे बाजूचं काही दिसत नाही. ब्रेक तपासायला किंवा टायर गरम करायला पॅडॉकच्या रस्त्यावर जोर लावणारा एक तरी बहाद्दर प्रत्येक मीटिंगला सापडतो आणि त्याला मीटिंग चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे क्लार्क ऑफ द कोर्सच्या, खोलीत बोलावलं जातं. एक कोणीतरी गाडीपुढे चालत लोकांना बाजूला करत जाईल अशी व्यवस्था ठेवा, स्क्रुटिनीला जाताना तर नक्कीच.

सामान लावून झालं की पहिलं काम पायी फिरणं. आणि उलट्या क्रमाने फिरा. म्हणजे आधी पिट लेनचं शेवटचं टोक शोधा, जिथून गाड्या ट्रॅकवर जातात, तिथून मागे येत असेंब्ली एरिया, तिथून मागे आपल्या तंबूपर्यंत, आणि घड्याळ लावून बघा किती मिनिटं लागतात. मग ट्रॅकवरून आत यायचा रस्ता: पिट एंट्री कुठे सुटते, आत आल्यावर पॅडॉककडे वळायचं फाटक कुठे, पार्क फर्मे कुठे, वजनकाटा कुठे. उलटं फिरायचं कारण एवढंच की सुलट फिरताना आपण नुसती दुकानं आणि भारी गाड्या बघत बसतो. वाटेत पेट्रोल पंप उघडायची वेळ, हवा भरायची सोय, टायरवाला, टॉयलेट हे पण डोक्यात ठेवा. टॉयलेटचं हसू नका, ओव्हरऑल्स घातल्यावर जवळचं टॉयलेट माहीत नसणं ही खरी अडचण आहे.

आता कागदपत्रं. साइन-ऑन म्हणजे लायसन्स, ओळखपत्र, लागत असेल तर मेडिकल, आणि सही. काही ठिकाणी हे सगळं आता ऑनलाइन होतं आणि तिथे फक्त रिस्टबँड मिळतो. पहिलं वर्ष असेल आणि प्रत्येक रेसला अधिकाऱ्याची सही घ्यायचं कार्ड असेल तर तेही इथेच द्या. ट्रान्सपाँडर, म्हणजे लॅपची वेळ नोंदवायला गाडीत बसवायचं यंत्र, भाड्याने घेत असाल तर त्याच खोलीत किंवा शेजारी मिळतो, तो हातात पडल्याबरोबर बसवा आणि चार्ज आहे ना बघा, कारण ट्रान्सपाँडर चालला नाही तर क्वालिफायिंगमध्ये (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या सेशनमध्ये) तुमची वेळच नोंदली जात नाही आणि टायमिंगवाल्यांशी वाद घालून ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, जागा मिळत नाही.

स्क्रुटिनी काही ठिकाणी स्वतंत्र शेडमध्ये असते, गाड्या ओळीने जातात, काही ठिकाणी स्क्रुटिनिअर स्वतः रांगेतून फिरतात आणि तुम्ही तंबूतच थांबायचं असतं. हे आधी विचारा, नाहीतर तुम्ही शेडपुढे रांगेत आणि स्क्रुटिनिअर तुमच्या रिकाम्या तंबूपुढे असं होतं. ले मान्सच्या २४ तासांच्या रेसला तर ही तपासणी शहराच्या मधल्या चौकात लोकांसमोर होते, उत्सवच असतो तो, आपल्याकडे एवढा थाट नसतो, आपल्याकडे बॉनेट उघडं ठेवायचं, बॅटरीचा कटऑफ आणि अग्निशामकाची पिन दाखवायची आणि सगळा गिअर गाडीच्या छतावर किंवा सीटवर मांडून ठेवायचा. हेल्मेटच्या आतलं लेबल, सूटचं लेबल, पट्ट्यांचं लेबल, हे वर दिसेल असं ठेवा. कारसाठी स्नेल या संस्थेच्या एसए मालिकेचं, म्हणजे एसए२०२० वगैरे, किंवा एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या ८८५९ मानकाचं हेल्मेट लागतं. एम मालिकेचं मोटरसायकलचं हेल्मेट चांगलं असलं तरी चालत नाही, कारण त्याची आगीची चाचणी झालेली नसते. सूटला एफआयए ८८५६ चा आकडा, मानेच्या हान्स डिव्हाइसला ८८५८, पट्ट्यांना ८८५३, आणि पट्ट्यांच्या लेबलवर वैधता संपायचं वर्ष छापलेलं असतं. आपल्या क्लबला यातलं नेमकं काय चालतं ते नियमावलीत बघा, दरवर्षी थोडं बदलतं. स्क्रुटिनिअरशी गोड बोला, तो तुमचा दोष काढायला नाही, तुम्ही जिवंत परत यावं म्हणून उभा आहे, आणि त्याने सांगितलेली छोटी दुरुस्ती लगेच करून परत दाखवली की पुढच्या वेळी तुमची गाडी त्याच्या लक्षात चांगल्या अर्थाने राहते.

आवाजाची चाचणी बऱ्याचदा स्क्रुटिनीला लागूनच असते. माईक एग्झॉस्टच्या टोकापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशात धरतात आणि इंजिन ठरावीक आरपीएमला, सहसा कमालच्या पाऊण भागाला, धरून ठेवायला सांगतात. इथे पास झालात म्हणजे सुटलात असं नाही. वस्तीजवळच्या सर्किटवर ट्रॅकच्या कडेला पण माईक असतात आणि धावत्या गाडीचा आवाज मोजतात, त्यात सापडलात तर काळा झेंडा, म्हणजे ट्रॅक सोडून पिटमध्ये या. जादाचा सायलेन्सर सोबत ठेवणारे लोक उगाच ठेवत नाहीत.

कोणाला काय विचारायचं यावर नवीन लोकांचा फार गोंधळ असतो. सेक्रेटरी ऑफ द मीटिंग म्हणजे कागद, एंट्री, पास, टाइमटेबल. क्लार्क ऑफ द कोर्स म्हणजे मीटिंग चालवणारा, ट्रॅकवर झालेल्या गोष्टींवर पहिला निर्णय त्याचा. चीफ स्क्रुटिनिअर म्हणजे गाडी आणि गिअर. स्ट्युअर्ड या सगळ्यांच्या वर बसलेले, त्यांच्याकडे गप्पा मारायला जायचं नाही, ते बोलावतात तेव्हा जायचं किंवा लेखी तक्रार, अपील असेल तर. मोठ्या मीटिंगला स्पर्धकांसाठी एक संपर्क अधिकारी असतो, ड्रायव्हर्स लायझन किंवा कॉम्पिटिटर रिलेशन्स म्हणतात, त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावलेला असतो. तो शोधून ठेवा. नियमाचा अर्थ लागत नसेल, वेळ बदलली का कळत नसेल, बोलावणं आलंय पण का ते माहीत नसेल, तर याच माणसाकडे जायचं, पॅडॉकमधल्या सर्वज्ञ शेजाऱ्याकडे नाही. शेजारी स्पॅनर देईल, टायर प्रेशर सांगेल, पण त्याने सांगितलेला नियम मागच्या वर्षीचा असू शकतो.

ऑफिशियल नोटीस बोर्ड, लाकडी असो की मोबाईलवरचा, तिथे लागलेलं बुलेटिन तुम्हाला माहीत आहे असंच धरलं जातं. 'मी वाचलं नाही' हे उत्तर चालत नाही. आमच्या टीममध्ये एका माणसाचं कामच ते असतं, प्रत्येक सेशननंतर बोर्ड बघून फोटो काढून आणायचा. ब्रीफिंग चुकवलंत तर दंड होतोच, पण खरं नुकसान वेगळं. सुरुवात रोलिंग (चालत्या गाड्यांची) की स्टँडिंग (उभ्या गाड्यांची), सेफ्टी कारचे (पुढे राहून सगळ्यांना हळू चालवणाऱ्या गाडीचे) दिवे कुठे विझणार, रेड फ्लॅगला (रेस थांबवल्यावर) ग्रिडवर थांबायचं की पिट लेनमध्ये, रेस संपल्यावर कुठून आत यायचं हे सगळं तिथे सांगतात आणि सर्किटप्रमाणे बदलतं. शेवटचा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा: 'फिनिशनंतर आमच्या क्लासने कुठे जायचं?' हसतील दोघंतिघं, हसू दे, त्यांनाही माहीत नसतं.

असेंब्ली एरिया, काही ठिकाणी होल्डिंग एरिया किंवा डमी ग्रिड म्हणतात, ही रेस सुरू व्हायच्या आधी गाड्या गोळा करायची जागा. टाइमटेबलवर रेसची वेळ असते, असेंब्लीची वेळ वेगळी आणि आधीची. त्यातही टाइमटेबल पुढे सरकू शकतं. आधीच्या क्लासची रेस रेड फ्लॅगने लवकर संपवली की तुमची बोलावणी लवकर येतात, त्यामुळे तुमच्या आधीची रेस सुरू झाली की सूट वर ओढायचा, टायर प्रेशर लावून गाडी जमिनीवर घ्यायची. लाऊडस्पीकर तंबूत ऐकू येतोच असं नाही, जनरेटर चालू असेल तर नाहीच. फाटक बंद झाल्यावर आलात तर पिट लेनमधून, सगळी ग्रिड गेल्यावर सुटायचं. असेंब्लीमध्ये गाडी ज्या रांगेत लावायला सांगतील तिथेच लावा, मार्शल ग्रिड शीट बघून रांगा लावत असतात. पट्टे आवळायला मदतीला एक माणूस सोबत, पण बाकी गोतावळा तंबूतच.

पिट लेनचे नियम ट्रॅकपेक्षा कडक असतात आणि त्यामागे इतिहास आहे. १९९४ ला इमोलाच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये अल्बोरेटोच्या मिनार्डी गाडीचं चाक पिट लेनमध्ये निखळून मेकॅनिक जखमी झाले, त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पिट लेनला वेगमर्यादा आली. आज तिथे साधारण ८० किमी प्रतितास, मोनॅकोला ६०, वर्ल्ड एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या रेस) आणि मोटोजीपीलाही ६०. तुमच्या मीटिंगचा आकडा अंतिम सूचनांमध्ये असतो. तुमच्या गाडीत लिमिटर नसेल तर कुठल्या गिअरमध्ये किती आरपीएमला तो वेग येतो ते आधी काढून डॅशवर चिकटवा, स्पीडोमीटर असला तरी त्यावर विसंबू नका, टायरचा साइज बदलला की तो खोटं बोलतो. पिट वॉलकडची लेन वेगाची, गॅरेजकडची कामाची. काम फक्त आतल्या लेनमध्ये. क्रूला बजावून ठेवा की लेन ओलांडताना आधी गाड्या येतात त्या दिशेला बघायचं, हातात काही असलं तरी, फोन कानाला लावून तर अजिबात नाही. २०१३ ला न्यूर्बर्गरिंगवर फॉर्म्युला वनमध्ये वेबरच्या गाडीचं सुटलेलं चाक पिट लेनमधल्या एका कॅमेरामनला लागलं, त्याची बरगडी आणि कॉलरबोन मोडलं, आणि त्यानंतर पिट लेनमध्ये कोणी उभं राहायचं हेच बदललं.

पिटच्या तोंडावर आणि बाहेर पडायच्या टोकावर दिवे असतात, ते कुठल्या बाजूला आहेत ते पायी फिरतानाच बघा. २००८ च्या कॅनडा ग्रांप्रीला पिट एग्झिटचा लाल दिवा लागला म्हणून रायकोनेन आणि कुबित्सा थांबले, हॅमिल्टनला ते उशिरा दिसलं आणि तो रायकोनेनवर जाऊन आदळला, मागून रोजबर्ग त्याच्यावर. २०२० ला मोन्झाला पिट एंट्री बंद असताना तोच हॅमिल्टन आत शिरला, बंदचे फलक पॅराबोलिकाच्या बाहेरच्या बाजूला होते आणि डोळे आतल्या बाजूला, पुढे असलेली रेस त्या दंडाने गेली. एवढ्या मोठ्या टीम, कानात सतत रेडिओ, तरी असं होतं, मग आपण तर एकटेच गाडीत. बाहेर पडताना पांढरी रेघ ओलांडू नका, बऱ्याच ठिकाणी तिथे फक्त त्यासाठीच एक माणूस किंवा कॅमेरा असतो.

गॅरेज मिळालं तर एकटं मिळेल अशी अपेक्षा नको. न्यूर्बर्गरिंगच्या नॉर्डश्लाईफ या लांबलचक ट्रॅकवरच्या एन्ड्युरन्स रेसला शंभरच्या वर गाड्या येतात आणि एका गॅरेजात अनेक टीम दाटीवाटीने काम करतात. आपली आखलेली रेघ पाळायची, पेट्रोलचे कॅन गॅरेजमध्ये साठवायचे नाहीत, भरताना एक माणूस अग्निशामक हातात धरून उभा, बस.

आता ते ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. चेकर्ड फ्लॅग पडला, हात वर करून मार्शलना धन्यवाद देत तुम्ही कूलडाऊन लॅप (रेसनंतरची हळू फेरी) केलीत आणि आत आलात. इथून पुढे तुमची गाडी तुमची नाही, आयोजकांची आहे. पार्क फर्मे म्हणजे कुंपण घातलेली जागा, रिझल्ट ठरेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही. कुठल्या गाड्यांनी तिथे जायचं हे बदलतं: कधी पहिले तीन, कधी पूर्ण क्लास, कधी चिठ्ठी काढून निवडलेले. फाटकावरचा मार्शल हात दाखवेल तिकडे जा, आणि हात दिसला नाही तर थांबून विचारा. सवयीने आपल्या तंबूकडे वळणं हीच ती नेहमीची चूक, आणि तंबूत जाऊन कोणी बॉनेट उघडलं की गाडीत आता काय बदललं आणि काय नाही हे कोणी सिद्ध करू शकत नाही, तुम्ही निर्दोष असलात तरी.

पार्क फर्मेमध्ये क्रू आत येत नाही, टायरची हवा तपासायची नाही, कूलिंग फॅन लावायचा तर विचारून, आणि दुसऱ्याच्या गाडीला तर बोटही नाही. २०२१ ला ब्राझीलला व्हर्स्टॅपनने हॅमिल्टनच्या मागच्या विंगला नुसता हात लावून बघितला, त्याला ५० हजार युरो दंड झाला. तुम्हाला एवढा होणार नाही पण बोलावणं येईल.

वजनकाटा. किमान वजन ड्रायव्हरसकट मोजतात की रिकाम्या गाडीचं ते आधी वाचा. ड्रायव्हरसकट असेल तर हेल्मेट, ग्लोव्हज काढून मेकॅनिकच्या हातात देऊ नका, वजन होईपर्यंत अंगावर ठेवा, आणि काट्यावर जायच्या आधी पाण्याच्या बाटलीला हात लावू नका कारण बऱ्याच नियमावलीत तेही मोजायच्या आधी काही घेणंच ठरतं. कूलडाऊन लॅपला रेसिंग लाइनच्या बाहेर पडलेल्या रबराच्या गोळ्यांवरून गाडी नेतात ना, ते शोभेसाठी नाही, टायरला चिकटलेलं रबर म्हणजे वजन. २०२४ ला स्पाला रसेल पहिला आला आणि गाडी दीड किलो कमी भरली म्हणून बाद झाला, झिजलेले टायर आणि तिथे पूर्ण कूलडाऊन लॅप नसते म्हणून रबर गोळा करायची संधी नाही, हे कारण म्हणून बोललं गेलं. क्लब रेसिंगमध्ये आम्ही किमान वजनाच्या वर थोडं जास्तीचं वजन ठेवतो, कारण सर्किटचा काटा आणि आपल्या गॅरेजचा काटा सहसा एकमताने बोलत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी काटा मोकळा असतो, परवानगी असेल तर तेव्हाच गाडी एकदा चढवून बघा.

पेट्रोलचंही तसंच. नमुना घ्यायला टाकीत पुरेसं उरलं पाहिजे. २०२१ च्या हंगेरीला व्हेटेल दुसरा आला होता, नियमाप्रमाणे एक लिटर नमुना द्यायचा, गाडीतून ०.३ लिटरच निघालं, बाद. क्लबमध्ये नमुन्याचं प्रमाण वेगळं असतं, वाचा आणि त्यावर दोन लॅपचं जास्त घाला.

आणि गाडी परत आलीच नाही तर? बंद पडली किंवा धडकली तर पहिलं, मार्शल सांगेल तिथे, बॅरियरमागे जा आणि हेल्मेट काढू नका. पॅडॉकला परत न्यायची गाडी सेशन संपल्यावरच येते, वाट बघावी लागते. धडक मोठी असेल तर मेडिकल सेंटरला जाणं सक्तीचं, ठीक वाटत असलं तरी, आणि तिथून सोडल्याचा कागद मिळाल्याशिवाय पुढच्या रेसला बसवत नाहीत. हेल्मेटला मार लागला असेल तर स्क्रुटिनिअर ठेवून घेतो. धडकलेली गाडी रिकव्हरीवाले तुमच्या तंबूपर्यंत आणतील किंवा स्क्रुटिनीच्या शेडपुढे टाकतील, सर्किटप्रमाणे वेगवेगळं, आणि ती दुसऱ्या रेसला आणायची असेल तर परत स्क्रुटिनीला दाखवावी लागतेच. तुमच्या क्रूला तुमचा पत्ता कळत नसेल तर त्यांनी मार्शल पोस्टकडे पळू नये, संपर्क अधिकाऱ्याकडे जावं, रेस कंट्रोलला रेडिओवर विचारून तो दोन मिनिटांत सांगतो.

तात्पुरता रिझल्ट बोर्डावर लागतो आणि त्यावर वेळ लिहिलेली असते, ती वेळ महत्त्वाची. एफआयएच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रिझल्टवर हरकत घ्यायला प्रसिद्धीपासून ३० मिनिटं आहेत, लेखी, फी भरून, आणि हक्क एंट्रंटचा, म्हणजे ज्याच्या नावावर एंट्री आहे त्याचा असतो, ड्रायव्हरचा नाही. क्लबमध्ये बहुतेक वेळा एंट्रंट आणि ड्रायव्हर एकच माणूस, पण एंट्री दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची सही लागणार आणि नेमका तेव्हा तो जेवायला गेलेला असतो. हरकत घ्यायचीच असेल तर आधी संपर्क अधिकाऱ्याशी बोला, निम्म्या तक्रारी तिथेच विरून जातात आणि ते बरंच असतं. क्लार्कच्या खोलीत बोलावलं तर व्हिडिओ सोबत न्या, कार्ड कॅमेऱ्यातून काढून फोनवर बघता येईल असं, आणि समोरच्या ड्रायव्हरशी तिथे पोचायच्या आधी रस्त्यात वाद घालू नका, त्या वादावरच वेगळी केस होते.

निघताना सामान भरायच्या गडबडीत ट्रान्सपाँडर काढायचा राहतो, भाड्याचा असेल तर त्याची डिपॉझिट अडकते. जुने टायर आणि तेल पॅडॉकमध्ये सोडून जाऊ नका, टाकायची जागा असते, नसेल तर परत न्या. ट्रेलर आणायला सगळे एकदम सुटतात, तेव्हा शेवटच्या रेसच्या आधीच जाऊन तो कुठल्या बाजूने बाहेर काढायचा ते बघून ठेवा. आणि साइन-ऑनला लायसन्स किंवा सहीचं कार्ड जमा केलं असेल तर ते ऑफिस बंद व्हायच्या आत घ्या, त्या खोलीला शेवटची रेस संपल्यावर फार वेळ कुलूप उघडं राहत नाही.